निगडेबाईंची माकडशिंगी

निगडेबाई कुठल्याही गोष्टीचा आधी वास घ्यायच्या आणि मग तिच्याबद्दल बोलायच्या. मँचेस्टरच्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसायचा. दोन हजार तीन साली मी तिथे नवीनच होते आणि श्रीखंड वाढायचं काम माझ्याकडे आलं होतं. पांढरे आखूड केस, सुती साडीवर जाड कार्डिगन आणि पायात पुरुषी बूट घातलेली एक ठेंगणी बाई रांगेतून माझ्यासमोर आली. तिने ताट पुढे केलंच नाही. ट्रेवर वाकून वास घेतला आणि शांतपणे म्हणाली, "हे परवाचं आहे, आणि एक रात्र फ्रिजबाहेर राहिलंय. वाढू नकोस."

"अहो, सेक्रेटरींच्या मिसेसनी केलंय," मी म्हटलं.

"म्हणून त्यातले बॅक्टेरिया लाजणार आहेत का?"

मी काही बोलायच्या आत बाईंनी तो चार किलोचा ट्रे उचलला आणि हॉलमागच्या बिनमध्ये पालथा केला. सेक्रेटरीणबाई पुढे दोन वर्षं त्यांच्याशी बोलल्या नाहीत. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही. कुणीतरी सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "बोलत होत्या तेव्हा तरी काय सांगत होत्या? पडद्यांचे भाव."

मी ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागले होते तिथेच बाई तीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट होत्या आणि नुकत्याच रिटायर झाल्या होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. लॅबमधले जुने लोक त्यांचं नाव अजून दबक्या आवाजात घ्यायचे. सडलेल्या आतड्याचा तुकडा समोर ठेवून बाई तासभर उभ्या राहत, चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. पण कुणी रिपोर्टमध्ये नीट न बघता 'बहुतेक' असं लिहिलं, की त्यांना मळमळायला व्हायचं. त्यांचा ठरलेला शब्द होता 'ओंगळ'. पू, रक्त, बुरशी यांना त्या कधी ओंगळ म्हणाल्या नाहीत. "घाण निसर्गाची असते गं, तिला कारण असतं," त्या म्हणायच्या, "ओंगळपणा करायला माणूसच लागतो."

बाई माण तालुक्यातल्या, दहिवडीच्याही पलीकडच्या एका वाडीतल्या. लग्न केलं नाही, का केलं नाही हे सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. एरवी त्या पुस्तकी मराठी बोलत, पण शिसारी आली की जीभ सरळ गावाकडे वळायची. मंडळात कुणी थर्माकोलच्या शंभर प्लेटी रिसायकलिंगच्या डब्यात खुपसताना दिसला, की मागून आवाज यायचा, "काय मान्सं हैती का काय." त्या आवाजाने डॉक्टर, आयटीवाले, सगळेच खाली मान घालत. मलाही त्या बोलायच्या. तरी त्यांच्याभोवती मी का घुटमळायचे, असं नवऱ्याने एकदा विचारलं. मी म्हटलं, मला इथे खरं बोलणारं दुसरं कुणी भेटलं नाही. तेव्हा मला हे वाक्य फार आवडलं होतं. आज ते आठवलं की स्वतःचीच किळस येते, आणि ती का येते, तेच सांगायला मी हे लिहिते आहे.

शहराबाहेर, ट्राम आणि मग बस अशा अंतरावर, एक जुनी बॉटनिकल गार्डन आहे. बागेचं नाव घेत नाही, कारण घडलं त्यात तिचा काही दोष नाही. तिथे वाळवंटी झाडांचं एक मोठं काचघर आहे, त्याला ड्राय हाउस म्हणतात. बाहेर बारा महिने पावसाची रिपरिप आणि आत माणदेशातल्या फाल्गुनासारखी कोरडी ऊब. रिटायर झाल्यावर बाईंनी तिथे व्हॉलंटियरचं काम धरलं होतं. बुधवार आणि शनिवार. त्यांच्याकडे काचघराची किल्ली होती. ती त्या कार्डिगनच्या खिशात ठेवत आणि बोलताना अधूनमधून चाचपून बघत.

पहिल्यांदा त्या मला घेऊन गेल्या तेव्हा मी घरी येऊन जेवले नाही. एका गोल, ढोलासारख्या निवडुंगाच्या काट्यांवर कुणीतरी चघळलेलं च्युइंगम चिकटवलं होतं. बाई चिमट्याने त्याच्या तारा ओढून काढत होत्या. "आपल्या तोंडातली थुंकी दुसऱ्याच्या अंगाला पुसायची. माजल्यात नुसती," असं पुटपुटणं चालू होतं. मग त्यांनी मला पिठ्या ढेकूण दाखवले. झाडाच्या बेचक्यात कापसासारखं काहीतरी दिसत होतं. त्यावर त्यांनी स्पिरिटमध्ये बुडवलेली कानकोरण्याची काडी फिरवली तर त्यातून गुलाबी पाणी निघालं. मी तोंड फिरवलं. बाई म्हणाल्या, "लॅबमधली ना तू? हे जेवतायत बिचारे. मारायचं तर न शिव्या देता मारावं."

काचघराचा बहुतेक भाग अमेरिकेने आणि आफ्रिकेने व्यापलेला. टोकाच्या कोपऱ्यात एक लांबट बाक होता, त्यावर पाटी होती 'डेक्कन'. हे बाईंचं संस्थान. "लोक आले की फड्या निवडुंगाकडे धावतात, म्हणतात हा आमच्याकडचा," बाई सांगायच्या. "अगं, तो बाहेरचा. घायपातही बाहेरची. आपलं जे आहे त्याच्याकडे आपण ढुंकून बघत नाही." मग त्यांनी एका मातीच्या कुंडीवर हात ठेवला. कुंडीत बोटाएवढ्या जाडीच्या, चौकोनी, हिरव्या कांड्या उभ्या होत्या. पान नाही, डौल नाही. ही माकडशिंगी.

बी कुठल्याशा बागेकडून देवाणघेवाणीत आलं होतं. अकरा बिया पेरल्या, त्यातलं एकच रोप जगलं, आणि ते बाईंनी जगवलं होतं. दुष्काळात त्यांची आई डोंगरावरून माकडशिंगी ओटीत भरून आणायची. मीठ लावून कच्ची खायची. "कडूशार लागते, पण तोंडाला पाणी सुटतं, आणि तेवढं पाणी गावात दुसरीकडे कुठे नव्हतं," बाई म्हणाल्या. तिचं फूल छोटं, काळपट जांभळं, आणि त्याला मेलेल्या उंदरासारखा वास येतो. त्या वासाला माश्या येतात आणि परागाचं काम करून जातात. आमच्या डोंगराची एक बाजू त्या दिवसांत नुसती घमघमायची, असं त्या म्हणाल्या, आणि 'घमघमायची' हा शब्द त्यांनी मोगऱ्याबद्दल बोलावं तसा उच्चारला. "चाळीस वर्षं झाली तो वास येऊन. इथल्या झाडाला एकदा फूल आलं की मी मोकळी."

त्यानंतर तीन वर्षं मी अधूनमधून त्यांच्याबरोबर जात राहिले. फूल येत नव्हतं. कधी थंडी जास्त व्हायची, कधी उजेड कमी पडायचा. बाई वहीत काहीतरी टिपत आणि पुढच्या उन्हाळ्याची वाट बघत. मग दोन हजार सहाच्या जुलैत एका बुधवारी माझ्या लॅबमध्ये फोन आला. बाई फोनवर हॅलो म्हणत नसत. "कळ्या धरल्यात. तीन."

त्याच फोनवर त्यांनी जन्मात न केलेली गोष्ट केली. मंडळाकडे काहीतरी मागितलं. मी तेव्हा कमिटीवर होते. म्हणाल्या, "लोकांना घेऊन ये गं एकदा. आपली झाडं दाखवते. ब्रायनला विचारलंय." ब्रायन म्हणजे त्या काचघराचा मुख्य माळी, लाल चेहऱ्याचा, कमी बोलणारा माणूस. बाईंच्या शब्दावर त्याने रविवारी, एरवी बंद असलेला तो कोपरा आमच्यासाठी उघडायचं कबूल केलं.

आम्ही तीस जण कोच-बस करून गेलो. निम्मे लोक सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आईवडील, त्यात माझ्या सासूबाईही होत्या. बाई इस्त्रीची साडी नेसून दारात उभ्या होत्या. प्रत्येक झाडापुढे त्यांनी मराठी नाव लिहिलेला पुठ्ठा लावला होता. शेर, कोरफड, माकडशिंगी. अक्षर डॉक्टरचं वाटू नये म्हणून ते पुठ्ठे त्यांनी दोनदा लिहिले होते, असं मला नंतर कळलं. त्या दिवशी त्या कुणावर डाफरल्या नाहीत. एका आजोबांनी तिसऱ्यांदा मधुमेहाला काय चालतं विचारलं, तरीही नाही.

आणि आमची माणसं काय करत होती? बाई पाठमोऱ्या झाल्या, की आमच्या लोकांच्या पर्स उघडत होत्या. कोरफडीचं पिल्लू, कसल्याशा जाड पानाचा तुकडा, शेराची डहाळी, ओल्या टिश्यूत गुंडाळून आत. कुणाच्याही तोंडावर चोराचा भाव नव्हता. कसा असणार? आपल्याकडे लहानपणापासून सांगतातच. सासूबाई माझ्या कानाशी लागल्या, "अगं, चोरून आणलेलं रोप हमखास लागतं. विचारून घेतलं की मरतं." माझ्या आईच्या दारातली अर्धी झाडं अशीच आलेली. आम्ही त्याला चोरी म्हणत नाही, त्याला हातगुण म्हणतो.

बाई पलीकडच्या टोकाला शेराच्या चिकाबद्दल सांगत होत्या. मी डेक्कनच्या बाकापाशी एकटी होते. माझ्या घराच्या खिडकीत आपल्या मातीतलं एक तरी झाड असावं, असं मला वाटलं. कळ्या नसलेली एक कांडी मी बुडाशी धरली, नख रुतवलं आणि पिळली. ती सहज निघेना, म्हणून आणखी पिळली. बोटाला बुळबुळीत रस लागला, तो मी कोटाला पुसला. मागितली असती तर बाईंनी स्वतः कापून दिली असती, नीट कशी लावायची ते सांगून. तरी मी मागितली नाही, कारण विचारून घेतलेलं मरतं.

बुधवारी फोन आला. "कुणीतरी माकडशिंगी पिळून तोडलीय. चाकूने कापली असती तरी जगली असती. जखम चिंधडली आणि त्यात पाणी शिरलं. बुडातून काळी पडतेय."

"अय्या, कोण असेल हो?" मी विचारलं.

हे वाक्य मी बोलले. 'अय्या'सकट बोलले.

बाईंनी उरलेल्या कांड्या कापून गंधक लावून पाहिलं. काळेपणा रोज वर सरकत होता. दहाव्या दिवशी कळ्या मिटलेल्याच गळाल्या आणि कुंडीत पिचपिचीत लगदा उरला. त्याला वास येत होता, म्हणाल्या, पण तो फुलाचा नव्हता. त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी बागेत जाणं बंद केलं. मंडळात कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणत. फारसं कुणी विचारलं नाही. मात्र इतरांच्या खिडक्यांतल्या कोरफडी चांगल्या तरारल्या. हळदीकुंकवाला बायका एकमेकींना दाखवत होत्या, बघा, चोरीचं कसं लागतं. त्या हसत होत्या आणि मीही हसत होते.

माझी कांडी लागली नाही. मी तिला ओल्याच जखमेनिशी कुंडीत खोचलं आणि मायेने रोज पाणी घातलं. तीन आठवड्यांत ती बसली. काळी, चिकट, वर पांढरी बुरशी. ती फेकून द्यायचंही मला धाडस होईना. खिडकीत भांड्यामागे कुंडी सरकवली आणि तिकडे बघणं सोडलं.

दिवाळीत बाई फराळाला आल्या. सासूबाई तोवर पुण्याला परतल्या होत्या. बाई स्वयंपाकघरात चहाचं आधण बघायला आल्या आणि खिडकीपाशी थांबल्या. भांडं बाजूला करून त्यांनी कुंडी पुढे ओढली, बोट मातीत घालून वाळलेलं काळं थोटूक उपटलं आणि उजेडात धरलं. चौकोनी होतं ते अजून.

"पाणी घातलंस?"

मी म्हटलं, "सासूबाईंनी लावलं होतं काहीतरी. मला नाही माहीत काय आहे ते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या सिंकपाशी गेल्या आणि लॅबमध्ये धुवायच्या तसे कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून, दोनदा. टॉवेल घेतला नाही. "ओंगळ," एवढंच म्हणाल्या, तेही मोठ्याने नाही. चहा न घेता गेल्या. मी दारापर्यंत गेले नाही, आणि नंतर वर्षभर फोन केला नाही. तो करायला हवा हे मला रोज कळत होतं.

पुढच्या हिवाळ्यात लॅबमध्ये कळलं, की बाईंना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि त्यांनी स्वतःच्या स्लाइड्स स्वतः मागवून पाहिल्या. मी गेले. त्या घरीच होत्या, खुर्चीत, पायावर ब्लँकेट घेऊन. चेहरा हळदीसारखा झाला होता. मी बसायच्या आतच बोलायला लागले, मी तोडली होती, मीच तोडली होती.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "दिवाळीत कळलं. त्याआधी माहीत नव्हतं."

"मग ब्रायनला..."

"झाड गेल्यावर ब्रायनने विचारलं होतं, हे कोणी केलं. मी म्हटलं, मी केलं, मैत्रिणीला द्यायला. त्याने किल्ली मागितली. नियमच आहे तसा. देऊन टाकली."

मी विचारलं, असं का केलंत.

"तीस माणसं आणली होती मी, माझ्या शब्दावर. माझ्यातल्या कुणी केलं म्हटलं असतं, तर तो तोंडाने काही बोलला नसता, चांगला माणूस आहे. पण पुढचा आपला कुणी दारात आला असता तर त्याच्या हाताकडे बघत राहिला असता. त्यापेक्षा एकटीचा हात बघू दे." त्यांनी ब्लँकेट वर ओढलं. दम लागत होता. "झाडाचं सोड. झाडं मरतात. पण तू त्या म्हातारीवर ढकललंस. ती बिचारी पुण्यात, तिला उचकीसुद्धा लागली नसेल. आणि मी तीस वर्षांत एक खोटा रिपोर्ट दिला नव्हता गं. तो द्यायला लागला. त्याची मला अजून मळमळ येते. ही या आजाराची नाही, ती वेगळी ओळखू येते मला."

मी म्हटलं, "बाई, मला माफ करा."

"नाही," बाई म्हणाल्या. रागाने नाही, विचार करून. "ते नाही जमायचं. नाक पूस. आणि चहा टाक, मला अर्धा कप दे. आलं आहे खालच्या खणात."

मी चहा केला. आम्ही दोघींनी तो घेतला आणि त्यांनी मला लॅबमधल्या नव्या मशिनबद्दल विचारलं. निघताना त्यांनी माझ्या कोटाची कॉलर सरळ केली. तीन आठवड्यांनी त्या गेल्या. क्रिमेटोरियममध्ये मंडळाच्या अध्यक्षांनी भाषण केलं, त्यात बाईंना निसर्गप्रेमी आणि सर्वांशी गोड बोलणाऱ्या असं म्हटलं. मला उठून बाहेर जावंसं वाटलं, पण मीही गोड तोंड करून बसले होते.

त्याच आठवड्यात, बुधवारी, मी ट्राम आणि बस करून बागेत गेले. ब्रायन कुंड्यांच्या शेडमध्ये होता. मी त्याला सगळं सांगितलं, पिळलं कसं तेही. त्याने हातातली माती चोळून झटकली. मग "राइट" म्हणाला आणि मला आत ऑफिसमध्ये घेऊन गेला. तिथे एक जाड वही होती. बागेतल्या प्रत्येक झाडाची त्यात नोंद असते, कुठून आलं, कधी पेरलं, कधी मेलं आणि कशाने मेलं. त्याने माकडशिंगीचं पान काढलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की डॉ. निगडे, व्हॉलंटियर, यांनी परवानगीशिवाय कांडी तोडली, झाड सडून मेलं.

मी म्हटलं, हे खोडा. त्याने मान हलवली. "वुई डोन्ट क्रॉस थिंग्ज आउट, लव्ह. वुई राइट अंडरनीथ." त्याने पेन माझ्यापुढे केलं.

मी माझं पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली आणि मी काय केलं ते लिहिलं. शाई वाळेपर्यंत त्याने पान उघडं ठेवलं. ती वही अजून त्या ऑफिसात आहे. बाईंनी आम्हा सगळ्यांसाठी सांगितलेलं खोटं त्या पानावर वर आहे आणि माझं खरं त्याखाली, आणि जो कुणी ते पान उघडेल, तो वरूनच वाचायला लागेल.